लिमबाईंच्या ताटापाशी मागितलेलं

मनुरेवा, २३ फेब्रुवारी २०१८

ती. शकुताईस धाकटीचा वाकून नमस्कार.

इकडे देवाच्या दयेने सगळे ठीक. आईला झोप लागते का गं? रात्री दूध तरी देत जा.

पुढचं तिला वाचून दाखवू नकोस.

अण्णांना जाऊन महिना झाला. सासरी गेलेल्या लेकीला सुतक तीनच दिवसांचं, म्हणून काल शेजारच्या लिमबाईंनी बोलावलं तेव्हा गेले. त्या मलेशियाच्या चिनी, त्यांचं नवं वर्ष चालू आहे. मोठ्या ताटात गाजर, मुळा, काकडीचा कीस आणि वर दाण्याचा कूट. एरवी त्यात मासेही असतात, ते माझ्यासाठी वगळले होते. सगळ्यांनी उभं राहून काड्यांनी ते उडवायचं आणि मोठ्याने शुभ बोलायचं. "धन येवो! वर्षाला पुरून उरो!" जितकं उंच, तितकं चांगलं. निम्मं टेबलावर सांडलं. मला बघवेना, गोळा करायला लागले तर लिमबाई ओरडल्या, "नो, नो, लीव्ह इट! सांडलं की लक!"

मग म्हणाल्या, "आता तू बोल, तुझ्या भाषेत."

वर्षभर देवापुढे म्हणत होते तेच तोंडून निघून गेलं, "अण्णांना बरं वाटू दे."

त्यांनी अर्थ विचारला, मी सांगितला. वडील आजारी आहेत असं समजून सगळ्यांनी पुन्हा, अगदी उंच उडवलं. मीही उडवलं. रडू काही आलं नाही, ताई. अजून आलेलं नाही.

आज सकाळी कुंपणापलीकडून त्यांनी विचारलं, "वडील कसे आहेत?"

"बरे आहेत," म्हटलं आणि कपडे वाळत घातले.

आईला आणि स्वतःला जप.

तुझी,
इरावती