कुपवाडात केलेला पोकळा

कुपवाड, रविवार

आई,

पायावर डोकं ठेवून सांगतो, मी पोटभर जेवतोय.

इथं मेहरुनबी चाचींची खानावळ हाय. जवळच्या मळ्यातल्या भाज्याच त्या करतात. हंगामभर भाजी घ्यायचा शब्द आमी कामगारांनीबी त्या मळेवाल्यांना दिलाय. काल पोकळा आला आन् मला रहिमतपूरचं आपलं घरामागचं परडं आठवलं. म्हणलं, "चाची, आज मी करतो." समद्यांनी मागून खाल्ला, पण तुझी चव न्हाई आली.

चाची म्हणल्या, "आईला विचार की रं." पण तुला कसं विचारू?

धाकटी शिवांजली सांगती, आबा गेल्यापास्नं तू काही रांधतच न्हाईस, चहा-बटरवर राहतीस. खरं का गं?

पाकिटात पोकळ्याचं बी घातलंय. परड्यात टाक. महिन्याभरात पाला येईल, तवा मीबी येतो. दोघं मिळून करू आन् दोघं जेवू.

तुझाच,
जयराज