पॅसेजमधला स्वयंचलित दिवा

६ मार्च, सोमवार
आईच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं. रविवारी ती आपल्याकडे राहायला येणार. पॅसेजमध्ये अंधार, आणि बटण पार दुसऱ्या टोकाला. ती धडपडली तर? बायको म्हणाली, एक नाइट लॅम्प आणून लाव. मी म्हटलं, विकत कशाला? सेन्सरचा दिवा करतो. आई खोलीबाहेर आली की आपोआप लागेल. बायको उठून आत गेली. भारावली असावी.

७ मार्च
मागवलेलं तीन सेन्सरचं किट आलं. डब्यावर लिहिलंय, वय वर्षे दहा आणि पुढे. म्हणजे हातचा मळ. माहितीपुस्तक माळ्यावर टाकलं. ते ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी असतं.

८ मार्च, संध्याकाळ
आईला फोन करून सांगितलं, दिवा मी स्वतः करतोय. तिने बरं म्हणून लगेच फोन ठेवला. शेजारीपाजारी सांगायला गेली असणार.
उजेडाचा सेन्सर जोडला. अंधार झाला की दिवा लागतो. लागला! पण दिव्याचाच उजेड सेन्सरवर पडतो, त्याला वाटतं सकाळ झाली, तो दिवा विझवतो. परत अंधार, परत दिवा. नुसती लुकलुक. लेक त्या तालावर नाचून घेते आहे. असो. तत्त्व सिद्ध झालं.

९ मार्च
आवाजाचा सेन्सर. माझ्या टाळीला ढिम्म. कुकरच्या शिट्टीला लागतो, आणि बायको माझ्यावर ओरडली की लागतो. त्यामुळे आज पॅसेजमध्ये भरपूर उजेड होता.

११ मार्च, शनिवार
हालचालीचा सेन्सर. माणूस हलला की दिवा लागतो. समोर सोफा ओढून दुपारभर बसलो. लागला नाही. माल खराब दिसतोय. बायकोचं म्हणणं, सेन्सर बरोबर आहे, तू हलून तर बघ. असल्या टोमण्यांकडे संशोधकाने लक्ष देऊ नये.
तिने परत नाइट लॅम्पचं काढलं. साफ नाही म्हटलं. आता इज्जतीचा प्रश्न आहे. उद्या तिन्ही सेन्सर एकत्र जोडणार. जुना बल्ब होल्डरसकट काढून टाकला. त्याची आता गरज नाही.

१२ मार्च, रविवार
आई आली. अंधार पडल्यावर तिला पॅसेजच्या तोंडाशी उभं केलं आणि म्हटलं, चल. ती चालली. दिवा नाही. मी टाळी वाजवली. बायको ओरडली. तरी नाही.
आईने पर्समधून टॉर्च काढला. नवा कोरा. हा कशाला आणलास, विचारलं. म्हणाली, तूच ना फोनवर सांगितलंस, दिवा मी स्वतः करतोय म्हणून.
वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू. पण एखादी वायर सुटली असेल, एवढंच. स्टुलावर चढलो. वर काही दिसेना. आईला म्हटलं, टॉर्च जरा इकडे धर. बिचारीने धरला. हात थोडा वर, अजून वर, असं चाललं होतं, तेवढ्यात डोळ्यात थेंब घालायची वेळ झाली म्हणून बायको तिला आत घेऊन गेली. टॉर्चसकट.
नाहीतर आज दिवा झालाच होता.