छातीचं माप

सातारा
९ नोव्हेंबर २०२५

प्रिय अर्जुना,

रामराम. पाकिटावर माझं अक्षर बघून कोणी गेलं की काय, असं वाटलं असेल. तसं काही नाही. मी महिनाभर मिरजेला दवाखान्यात होतो, दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया. आता घरी आलोय, पण फोनवर दोन वाक्यं बोललो की धाप लागते, आणि आज मला पुष्कळ बोलायचंय. आतल्या खोलीत तुझ्या वहिनीला वाटतंय, मी हयातीच्या दाखल्याचे कागद भरतोय.

तुमच्या आटपाडीकडं पाऊस कसा झाला? डाळिंबं धरली का? आमच्या उंब्रजच्या रानात आता कोणी मेंढरं बसवत नाही, पोत्यांनी खत टाकतात. पूर्वी दिवाळी झाली की मी बांधावर जाऊन तुमची वाट बघायचो. आधी कुत्री दिसायची, मग घोड्यावर लादलेला संसार, मग धुरळा, आणि त्या धुरळ्यात सगळ्यात मागं तू. तुझी आई, हरणाबाई, पाणी प्यायच्या आधी मला विचारायची, "व्हय रं धना, औंदा तरी वाढलास का न्हाई?" आणि तुझ्याकडं बोट दाखवून म्हणायची, "ह्याच्या अंगाला तर खाल्लेलं कायबी लागत न्हाई बघ." तिच्या हातचा मेंढीच्या दुधाचा चहा पुन्हा कुठं मिळाला नाही.

कृष्णेच्या डोहात तू बुडी मारलीस की मी काठावर आकडे म्हणायचो. नव्वदच्या पुढं मीच गुडघाभर पाण्यात उतरायचो. तू शंभरला वर यायचास, तेही दात काढत. शिंप्याकडनं टेप मागून आणून आपण छात्या मोजायचो. तुझी सात सेंटिमीटर फुगायची, माझी कशीबशी पाच. फौजेच्या भरतीला पाचच लागतात, म्हणून मी खूश असायचो.

दवाखान्यात असताना तुझ्या प्रांजलचा फोन आला होता. तुला न सांगता केला होता, तिला रागावू नकोस. म्हणाली, "काका, पोलीस भरतीचं मैदान पुढच्या महिन्यात हाय. आबा सोडंनात. म्हंत्यात, आपल्या घराण्यात दमच न्हाई, चारचौघांत हसं करून घिऊ नको. माझं बूटबी लपवून ठेवल्यात. तुमी बोला की, तुमचं ऐकत्यात ते."

माझं ऐकतोस, हे ऐकून मी फोन छातीवर पालथा ठेवला.

तिथं श्वासाचे व्यायाम करून घ्यायला दीपमाला नावाची पोरगी यायची. एक प्लास्टिकचं खेळणं असतं, नळीनं हवा ओढली की त्यातले तीन गोळे वर चढतात. सव्वीस वर्षं फौजेत काढलेल्या माणसाकडून पहिल्या दिवशी एकही गोळा हलेना. ती हसली नाही, हे तिचे उपकार. पाचव्या दिवशी मात्र दोन उचलले. आठव्या दिवशी तुझ्या वहिनीनं भाकरी-आमटी आणली, मी दाबून जेवलो आणि लगेच नळी तोंडाला लावली. पुन्हा एकसुद्धा हलेना.

"आवं काका, जेवून बसलाय व्हय?" दीपमाला ओरडलीच. मग तिनं कागदावर चित्र काढून दाखवलं. अर्जुना, फुप्फुसांना स्वतःची ताकदच नसते रे. आत नुसते बारीक बारीक फुगे, कोट्यवधी, त्यांच्याभोवती रक्त. ते आपणहून फुगत नाहीत. त्यांच्याखाली आडवा स्नायूचा पडदा असतो. तो खाली सरकतो, बरगड्या वर उचलल्या जातात, आत जागा होते, तेव्हा हवा येते. आणि पोट गच्च असलं की पडद्याला खाली सरकायला वावच नसतो.

हे शिकलो म्हणून पत्र लिहितोय, असं इथं लिहून मोकळं होता आलं असतं. पण ते मला आधीच माहीत होतं. पडदा माहीत नव्हता, बाकी सगळं माहीत होतं.

शहाऐंशी सालची भरती. तुझं वजन दोन किलोनं कमी. आदल्या दिवशी आमच्या लालासाहेब काकांनी, ते फौजेतनं सुभेदार होऊन आलेले, मला सांगितलं होतं, "वजनाला केळी खावा, पर चार तास आधी. छाती मोजताना पोट रिकामं पायजे, न्हाईतर फुगत न्हाई." मी तुला केळी तेवढी सांगितली. मैदानाच्या भिंतीकडेला बसून तू दीड डझन केळी खाल्लीस, वर दोन तांबे पाणी. मीच सोलून हातात देत होतो. मी सकाळपासून उपाशी होतो आणि तू विचारलंस, "तू का खाईनास?" मी म्हणालो, भूक नाही.

वजनात बसलास. मग टेप लावला. साडेतीन. पुन्हा फुगव म्हणाले. चार. त्यावर गेलं नाही. बाहेर येऊन तू मला म्हणालास, "काय झालं कळंना गड्या. आत जागाच न्हाई."

विसरलो होतो, असं मी स्वतःला एकोणचाळीस वर्षं सांगत आलो. विसरलो नव्हतो. तुझी सात, माझी पाच. वाटलं, हा घेतला गेला तर मी मागं राहीन. एवढंच होतं, यापेक्षा मोठं कारण माझ्याकडं नाही. मी सुट्टीवर आलो की लोक तुला 'साडेतीन' म्हणून हाक मारताना ऐकायचो, आणि मीही हसायचो. मग तुमचा तांडा आमच्या रानात यायचा बंद झाला. मला लाज वाटते, अर्जुना. दमाचा तोटा तुझ्या घराण्यात कधीच नव्हता. पोरीला पळू दे.

मला माफ कर, असं लिहीत नाही. ते तुझं तू बघ.

तू चष्मा लावत नाहीस, म्हणजे हे पत्र प्रांजलच वाचून दाखवत असणार. तिच्यासमोरच कळावं, म्हणून तसंच लिहिलंय.

प्रांजल, बाळ, वाचताना थांबली असशील तर थांब थोडी. आबाकडं बघ. तो काही बोलला नाही तरी बूट माग. आणि ऐक, मैदानाच्या दिवशी पळायच्या आधी तीन-चार तास जड काही खाऊ नकोस. कोणी प्रेमानं सोलून हातात दिलं तरी नको.

तुझ्या बापाला जे सांगितलं नाही, ते तुला सांगणारा,
धनाजी