ओडेट लेझामा यांचा मुक्त संचार

मी, कुमारी ओडेट मारी लेझामा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, सेवानिवृत्त प्राध्यापिका, राहणार टुनापुना, त्रिनिदाद, कोणाच्याही दडपणाखाली नसताना आणि सकाळचा चहा घेऊन झाल्यावर हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. यापूर्वीची दोन मृत्युपत्रे रद्द समजावीत. त्यांत बहिणीचे नाव मुद्दाम गाळले होते. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कॅरिबियन बेटांचा एक बाजार होईल, माणसे या बेटावरून त्या बेटावर अंगणातल्यासारखी फिरतील, असे चाळीस वर्षे शिकवणाऱ्या बाईला असा दाखला मिळालाच कसा, असे शेजारीण कलावती महाबीर विचारते. तो प्रश्न तिने डॉक्टरांना विचारावा.

कलम १. टुनापुना येथील राहते घर, आतील सामानासह, माझी धाकटी बहीण कै. युफेमिया हिची मुलगी जोसेट हिला मिळावे. जोसेट दुसऱ्या बेटावर राहते. त्या बेटाचे नाव मी येथे लिहीत नाही. करारांच्या कामात पंधरा बेट-सरकारांशी गोडीने वागायची सवय जडली आहे, ती मृत्युपत्रातही सुटत नाही.

कलम २. घर जोसेटचे झाले तरी परसातल्या ज्युली आंब्याची सर्व फळे, कुंपणाच्या अलीकडे पडोत की पलीकडे, कलावती हयात असेपर्यंत तिचीच. कुंपणाचे दोन पत्रे तिने एकतीस वर्षांपूर्वी काढले. तेव्हापासून तिकडून रोटी येते, इकडून आंबे जातात, आणि एकाही बैठकीचे इतिवृत्त लिहावे लागलेले नाही. साक्षीदार म्हणून सही करायची तिची फार इच्छा होती.

"ज्याला काही मिळतं त्याला साक्षीदार होता येत नाही, कलावती," मी सांगितले.

"म्हणजे आंबे घ्यायचे तर तोंड बंद ठेवायचं?"

"सही करायची नाही, एवढंच."

"टीचर, तुझ्या कायद्यात माणसाला एका वेळी एकच गोष्ट मिळते बघ."

तिने आंबे निवडले.

कलम ३. माझे सहकारी डॉ. फिट्झरॉय अ‍ॅलेन यांना माझी काळी छत्री. ती त्यांनी १९९४ च्या परिषदेत एका संध्याकाळपुरती नेली होती. त्यांच्याकडेच आहे, आता ती कायदेशीरपणे त्यांची होईल. आम्ही दोघांनी मिळून लिहिलेल्या अहवालावर त्यांचे नाव आधी आणि मोठ्या अक्षरांत का आले, याचा खुलासा मी आता मागत नाही. अहवाल कोणी वाचलेला नाही.

कलम ४. बँकेतील सर्व ठेव जोसेटला, तिच्या तिखट सॉसच्या धंद्यासाठी. या कलमाला जरा जास्त कागद लागेल.

युफेमिया, घरात फेमी, माझ्याहून चार वर्षांनी लहान. लग्न करून त्या बेटावर गेली. नवरा लवकर वारला, आणि परसातल्या मिरच्यांवर तिने मुलगी वाढवली. सॉस आमच्या आईच्या रीतीचा: जहाल मिरची, मोहरी, कच्ची पपई. २००७ साली ती चाळीस बाटल्या घेऊन इथे विकायला आली आणि कस्टममध्ये माल अडकला. कर भरा, नाहीतर परत न्या. तिने मला फोन लावला. तिला वाटले, बहीण या विषयातली मोठी बाई, एका शब्दाने काम होईल. मी पाऊण तास बोलले.

"फेमी, बाटली मायामीची, व्हिनेगर बाहेरचं, झाकणसुद्धा बाहेरचं. किमतीतला अर्ध्याहून जास्त भाग परका आहे. नियमाने हा सॉस आपल्या प्रदेशाचा ठरत नाही."

"मिरची माझ्या परसातली. हात माझे. रीत आईची. आणि सॉस परका?"

"नियमाने."

"बरं. मग पावाला नियमच लावून खा."

ती बाटल्या घेऊन परत गेली. त्यानंतर अकरा वर्षे आम्ही बोललो नाही. या काळात मी सहा सरकारांमधल्या वाटाघाटींत मध्यस्थी केली, मानपत्र मिळवले. बहिणीबहिणींत कोणी मध्यस्थ नेमत नाही. जोसेट सांगते, फेमी बाजारात अभिमानाने म्हणायची, "माझी बहीण फार शिकलेली आहे. काम का होणार नाही, ते तिच्याइतकं नीट कोणी समजावत नाही."

माझे म्हणणे चुकीचे नव्हते. नियम तोच होता. पण त्या चाळीस बाटल्यांवरचा कर मी भरू शकले असते; माझ्या महिन्याच्या पेट्रोलपेक्षा तो कमी होता. हे मला अकरा वर्षांत सुचले नाही, असे लिहिले तर सोयीचे होईल. सुचले होते. जोसेटने बाटल्या वाटेल तिथून आणाव्यात.

कलम ५. कपाटातील करारांचे सतरा बांधीव खंड श्री. लेनॉक्स ऑगिस्ट यांना. ते त्या बेटाच्या विमानतळावर पासपोर्ट तपासतात. कधीकाळी इथे शिकायला होते, माझ्या संध्याकाळच्या वर्गात शेवटच्या बाकावर.

गेल्या वर्षी मार्चमध्ये जोसेटचा फोन आला: आई गेली, गुरुवारी दुपारी दोनला दफन. मिळाले ते एकेरी तिकीट घेऊन मी निघाले. साडेअकराला उतरले. खिडकीत लेनॉक्स.

"मिस लेझामा, परतीचं तिकीट?"

"घाईत काढलं नाही."

"कुणाकडे उतरणार?"

"बहिणीकडे."

"मग त्यांना फोन लावतो. तुमची जबाबदारी घेते म्हणाल्या की झालं."

"ती फोन घ्यायची नाही, लेनॉक्स. दोन वाजता तिला पुरतायत."

तो वरमला. "घरातलं दुसरं कोणी, मिस?"

"सगळी चर्चमध्ये. फोन बंद आहेत."

"मग साहेबांना विचारावं लागेल. साहेब जेवायला गेलेत."

मी त्याला मुक्त संचाराचे कलम तोंडपाठ म्हणून दाखवले. त्याने अदबीने ऐकून घेतले. "मिस, पुढची ओळ राहिली," तो हळूच म्हणाला, "'मात्र'पासून." पुढची ओळ मीच त्या वर्गाकडून परीक्षेसाठी पाठ करून घेतली होती.

साहेब पावणेतीनला आले आणि शिक्का मारायला त्यांना अर्धे मिनिट लागले. मी दफनभूमीवर पोहोचले तेव्हा माती ओढून झाली होती आणि माणसे टोप्या डोक्यावर ठेवत परत निघाली होती. मी ओल्या मातीपाशी हातात पर्स घेऊन उभी राहिले.  फेमीशी बोलायची सवय गेली होती.

दुसऱ्या दिवशी लेनॉक्स जोसेटच्या दारात, हातात गरम पावांची पिशवी.

"मिस, साहेबांना बोलवायला मी दोनदा माणूस पाठवला होता."

"मला दिसलं."

"एकदा वर्गात मी विचारलं होतं, आठवतं? एवढे करार झाले, पण खिडकीत बसलेल्या माणसाला ते सांगतं कोण? तुम्ही म्हणालात, हा प्रश्न अभ्यासक्रमात नाही."

मला आठवत नव्हते. पण वाक्य माझेच, यात शंका नाही. खंड त्यांना द्यावेत; ते मी रागाने देत नाही. त्यांतल्या प्रत्येक "मात्र"खाली मी पेन्सिलीने रेघ मारून ठेवली आहे. ते काम तीन आठवडे चालले.

कलम ६. माझे दफन त्याच बेटावर, फेमीच्या शेजारी व्हावे. मृतदेह विमानात माल म्हणून जातो, याची चौकशी करून ठेवली आहे, आणि मालाला परतीचे तिकीट कोणी विचारत नाही. भाषणे करू नयेत. डॉ. अ‍ॅलेन यांनी तर नाहीच.

जागेविषयी गेल्या महिन्यात मी जोसेटला फोन केला. थेट विचारवेना, म्हणून आधी हवापाणी विचारले, मग मिरच्यांचे विचारले.

"मावशी, तुला काय विचारायचंय ते विचार ना," ती म्हणाली.

मी विचारले.

"जागा आहे. आईनेच राखून ठेवायला सांगितली होती."

"काय म्हणाली होती?"

"सांगू? रागावू नकोस. म्हणाली, ओडेट एक दिवस माझ्याशेजारी जागा मागेल. दे तिला. पण अशीच देऊ नकोस. आधी अर्ज लिहून घे तिच्याकडून. तीन प्रतींत."

फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात उभी होते. चूल पेटवायला गेले होते की बंद करायला, तेही आठवेना.

सबब, हे मृत्युपत्र हाच माझा अर्ज समजावा. तीन प्रती केल्या आहेत.
अर्जदाराचे नाते: थोरली बहीण.
मुक्कामाचा पत्ता: फेमीच्या उजवीकडे.
मुक्कामाची मुदत: कायमची.

(सही) ओडेट मारी लेझामा
स्थळ: टुनापुना. दिनांक: ९ सप्टेंबर २०१९

अर्जदार बाईंनी तिन्ही प्रतींवर आम्हां दोघांच्या देखत सही केली. आम्हीही त्यांच्या देखत केली. या मृत्युपत्राने आम्हांला काहीही मिळत नाही.

(सही) हॅरॉल्ड सीबरन, औषधविक्रेते, टुनापुना
(सही) ग्लेंडा नोरिएगा, निवृत्त परिचारिका, क्युरेप