डावा हात पेटीत असताना

हात आत गेला तेव्हा काही झालं नाही. बाहेर काढायला गेलो तेव्हा पेटीने धरला. तो अजून तिथेच आहे, म्हणून हे पत्र एकट्या उजव्या हाताने लिहितो आहे. (लिहितो मी उजव्यानेच, पण कागद आजवर डावा धरत होता हे आज कळलं. आईने कागदावर मिठाची बरणी ठेवली आहे. दोन-चार ओळी झाल्या की ती बरणी खाली सरकवते आणि विचारते, काय लिहिलंस? तिच्या डोळ्यांवर चष्मा नाही. मी सांगतो, अजून नमस्कारच चालू आहे.)

तर तीर्थरूप मामा, नमस्कार वाकून करायचा असतो. पेटी मांडीवर असल्यामुळे वाकता येत नाही. वाकलो आहे असं समजावं. तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा रक्तदाब? आम्ही इकडे सुखरूप आहोत. तुमच्या पेटीमुळे तर इतके सुखरूप आहोत की घरातली एकही वस्तू जागची हलत नाही, आणि कालपासून त्या वस्तूंत माझीही गणना होते.

तुम्ही म्हणाल, फोन करायचा. फोन पेटीत आहेत. माझा, हिचा आणि आईचा. शुक्रवारी तुमचं पार्सल आलं आणि आईने घरातली सगळी लहान यंत्रं गोळा करून ती एकेक करून आत सोडली. सोडताना तिचा चेहरा बँकेत दागिने ठेवणाऱ्या माणसासारखा होता. शनिवारी दुपारपर्यंत फोन आतल्या आत वाजत होते. मग एकेक करून थकले. शेजाऱ्यांच्या फोनवरून तुम्हाला लावून पाहिला. तुमचा नंबर आईला पाठ आहे. तुमच्याकडे तो वाजतो, पण कोणी उचलत नाही. मामींचाही वाजतो. यावरून मी समजलो की अशीच एक पेटी तुम्ही स्वतःसाठीही केली आहे. आपला माल आधी आपण वापरायचा, हे तत्त्व आजकाल कोण पाळतं?

पेटीबरोबरचं तुमच्या अक्षरातलं माहितीपत्रक मी पुष्कळदा वाचलं. (आता ते माझ्यासमोरच आहे आणि मला दुसरीकडे जाताही येत नाही.) ध्वनिमुद्रणं आणि लहान यंत्रं यांना चार शत्रू असतात असं तुम्ही म्हणता: धूळ, दमट हवा, चुंबक आणि नातेवाईक. पहिल्या तिघांसाठी कापडाचं अस्तर आणि पत्र्याचा पडदा. चौथ्यासाठी तोंडाशी रबराच्या पाकळ्या, त्यांच्या मागे पोलादी पट्ट्या, सगळ्या आत वळलेल्या. वस्तू आत जाते, परत येत नाही. काढायची असेल तर झाकण उघडायचं आणि झाकणाला क्रमांकाचं कुलूप. कोणी घाव घातला तर वरच्या कप्प्यातली शाईची बाटली फुटते आणि आतलं सगळं निळं होतं, म्हणजे चोराला ते विकता येऊ नये. मामा, हा विचार मला फार आवडला. चोराला वस्तू मिळू नये याची पक्की सोय करायची तर ती मालकालाही मिळता कामा नये, हे विमा कंपनीत चाळीस वर्षं लोकांचं नुकसान तपासल्याशिवाय सुचत नाही.

आणि क्रमांक. क्रमांक पेटीबरोबर पाठवणं धोक्याचं, म्हणून तुम्ही तो वेगळ्या टपालाने पाठवलात. शनिवारी आला. छोट्या पेटीत. छोट्या पेटीलाही क्रमांकाचं कुलूप आहे आणि शाईची छोटी बाटली आहे. (हलवली की ऐकू येते.) वरच्या चिठ्ठीत तुम्ही लिहिलंत की मोठीचा क्रमांक हिच्यात आहे, हिचा क्रमांक मोठीच्या तळाला आतून डकवला आहे, आणि सुरक्षेच्या दृष्टीने दोन्ही कधी एके ठिकाणी ठेवू नयेत. ही चिठ्ठी आम्ही तिघांनी आळीपाळीने वाचली. आई म्हणाली, बघ, माझ्या भावाने किती विचार केलाय.

आईबद्दल एक सांगतो. तुमची पहिली वस्तू आली तेव्हा मी शाळेत होतो: कॅसेटसाठी तेलकापडाची हवाबंद पिशवी. त्या पावसाळ्यात कॅसेटना आतून पांढरी लव आली. आईने तुम्हाला कळवलं, पिशवी फार उपयोगी पडते. मग सीडी ठेवायचं फिरतं झाड आलं, ते पंख्याच्या वाऱ्याने फिरायचं आणि संध्याकाळपर्यंत सीडी घरभर पसरायच्या. फार उपयोगी पडतं. मग रिमोटची साखळी आली. मग फोनसाठी स्पंजचं जाड आवरण, ज्यातून घंटा ऐकू येत नसे आणि बटण दाबलं जात नसे, पण फोन जिन्यावरून खाली सोडला तर खरोखर काही होत नसे. (आम्ही पाहिलं.) ताज्या माहितीपत्रकात तुम्ही लिहिता की आमच्या घरातून सातत्याने आलेल्या उत्तम अभिप्रायांच्या आधाराने हे मॉडेल अधिक कडक केलं आहे. ते वाचून मी आईकडे पाहिलं. ती भाजी निवडत होती.

इथपर्यंत गंमत. आता जे गमतीचं नाही ते.

हिला पुस्तकं वाचायचं काम मिळालं आहे. अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं ध्वनिमुद्रित करणारा एक स्टुडिओ आहे. दोन वर्षं ही त्यांना आवाजाचे नमुने पाठवत होती आणि तिकडून, कळवू, असं उत्तर येत होतं. यंदा त्यांनी एक भूगोलाचं पुस्तक देऊन पाहिलं. ते हिने घरी वाचलं, कपड्यांच्या कपाटात बसून, दार लावून, डोक्यावर रजई घेऊन, कारण रस्त्याचा आवाज येऊन चालत नाही. उन्हाळाभर आमच्या कपाटातून नद्यांची लांबी ऐकू येत होती. ही बाहेर यायची तेव्हा घामाने चिंब असायची आणि पाणी पिऊन परत आत जायची. ते सगळं पुस्तक एका लहान रेकॉर्डरवर आहे. साबणाच्या वडीएवढा. दुसरी प्रत नाही. उद्या सोमवारी दहा वाजता ते द्यायचं आहे. नाही दिलं तर पुढची पुस्तकं दुसऱ्या बाईंकडे जातील, असं त्यांनी आधीच सांगून ठेवलं आहे.

तो रेकॉर्डर पेटीत आहे. आईने नाही ठेवला. मी ठेवला. तुमचं माहितीपत्रक वाचून माझ्या मनात चार शत्रूंची भीती बसली होती. हिला कळलं तेव्हा ती ओरडली नाही. म्हणाली, “मी तो टेबलावर ठेवला होता. टेबल उघडंच असतं.”

म्हणून काल संध्याकाळी मी हात घातला. वाटलं, तळाची चिठ्ठी हाती लागेल, नाहीतर निदान रेकॉर्डर. दोन्ही लागली. रेकॉर्डर माझ्या बोटांत आहे. चिठ्ठी तळाला डकवलेली आहे आणि माझी करंगळी तिच्यावरून फिरते आहे, पण अंक कळत नाहीत, कारण तुम्ही ते पेनाने लिहिलेत. जगात या घडीला छोट्या पेटीच्या क्रमांकाच्या इतक्या जवळ कोणीही नाही.

सकाळी कुलूपवाल्याला बोलावलं. त्याने पिशवी उघडली, हत्यारं ओळीने मांडली आणि मग मला पाहिलं. विचारलं, पेटी कोणाची? म्हटलं, माझीच. आतलं सामान? माझंच. मग तुम्ही हात का घातलात, असं त्याने विचारलं आणि उत्तराची वाट पाहिली. मी सगळं सांगितलं. त्याने झाकणाला कान लावून अंक फिरवले. आत शाई डचमळली. त्याने पेटी माझ्यासकट हळूच जमिनीवर टेकवली, पाणी मागितलं, प्यायला.

“कुलूप चांगलं आहे,” तो म्हणाला. “वाईट असतं तर उघडलं असतं.”

पैसे न घेता गेला. जाताना आईने त्याला सांगितलं की हे तिच्या धाकट्या भावाचं डोकं आहे. तो म्हणाला, दिसतंय.

तेलाचा प्रयोग झाला. साबणाचाही. आईने माझ्या मनगटाला लोणी लावायचं सुचवलं आणि हिने लोण्याचं भांडं उचलून आत ठेवलं. एवढ्यात ही समोर येऊन बसली आहे. म्हणाली, उद्या नऊला निघायचं, तुम्हीही या. मी विचारलं, पेटी? ती म्हणाली, “तुम्ही पेटीबरोबर चाललाय. पेटी तुमच्याबरोबर नाही.”

हे पत्र तुमच्या हाती पडेपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलेलं असेल, हे मला कळतं. तरी लिहितो. एक तर उजवा हात रिकामा आहे. दुसरं, आज हिच्याशी बोलण्यापेक्षा तुम्हाला लिहिणं सुरक्षित आहे, आणि सुरक्षेबद्दल तुमच्याइतकी आस्था दुसऱ्या कोणाला असणार?

मामींना नमस्कार सांगावा. आई तुमची मोठी बहीण, तिचा तुम्हाला आशीर्वाद आहेच.

आपला भाचा,
एक हात वजा

ता. क. आई म्हणते, पेटीबद्दल लिहायचं राहिलं. पेटी फार उपयोगी पडते. लिहिलं.

ता. क. (सोमवार, दुपार) पत्र काल टाकायचं राहिलं, म्हणून पुढचं याच कागदावर. आज सकाळी आम्ही गेलो. मांडीवर पेटी घेतलेला माणूस बसला की शेजारचा आपोआप उठतो, त्यामुळे बसमध्ये ऐसपैस जागा मिळाली. स्टुडिओच्या बाई दारातच घड्याळाखाली उभ्या होत्या. काटक, पांढऱ्या केसांच्या, चष्मा साखळीला. त्यांनी हिला विचारलं, ध्वनिमुद्रण कुठे आहे? ही म्हणाली, “यांच्या हातात आहे.” बाईंनी पेटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि खुर्ची दिली.

तिथे आवाज टिपणारा एक माणूस होता, गळ्यात हेडफोन. त्याने एवढंच विचारलं की रेकॉर्डर कोणता आणि वायर बारीक चालेल का. मग त्याने एक वायर माझ्या मनगटाला चिकटवून पाकळ्यांमधून आत सरकवली. आत जाणाऱ्याला तुमची पेटी अडवत नाही. टोक माझ्या बोटांना लागलं. ही माझ्यामागे येऊन उभी राहिली आणि तिने डोळे मिटले. कपाटातल्या अंधारात तिने तो रेकॉर्डर बोटांनीच वापरला होता.

“अंगठा खाली आणा. खाच लागली?”

लागली.

“तिच्या डावीकडे वायर बसवायचं तोंड आहे. नाही, ते नाही. ते पुसायचं बटण आहे. बोट उचला त्यावरून.”

मी उचललं. आमच्या लग्नाला बरीच वर्षं झाली, पण तिचं बोलणं मी इतकं लक्ष देऊन कधी ऐकलं असेल असं वाटत नाही. माझ्या कपाळाचा घाम झाकणावर पडत होता आणि मला शाईची आठवण येत होती. मग वायर बसली. समोरच्या पडद्यावर धडे एकेक करून उतरायला लागले: पर्वत, वारे, नद्या, सगळे. बाईंनी एक हेडफोन कानाला लावला आणि पुष्कळ वेळ ऐकलं. विचारलं, “कुठे बसून वाचलंत?” ही म्हणाली, कपाटात. बाई म्हणाल्या, “तिथेच बसत जा,” आणि हिच्या हातात विज्ञानाचं पुस्तक दिलं.

इथे मी उठलो असतो. पण आता बाई पेटीकडे वळल्या. त्यांच्याकडे दर महिन्याला कार्डं, हेडफोन, चार्जर नाहीसे होतात. माणसं सगळी प्रामाणिक आहेत, वस्तू आपल्या आपण जातात. त्यांनी त्या माणसाला माझा दंड धरून ओढायला सांगितलं. त्याने ओढलं. दोन्ही हातांनी ओढ, म्हणाल्या. त्याने ओढलं. मी पेटीसकट खुर्चीवरून खाली आलो. बाईंनी वाकून पाकळ्या पाहिल्या आणि विचारलं की हे कुणी केलं. ही म्हणाली, “यांच्या मामांनी.” तुमचं नाव घेताना तिचा आवाज आज प्रथमच सरळ होता.

तर मामा, बाईंना अशा सहा पेट्या हव्या आहेत. मी हो म्हटलं आहे. त्या आधी आमच्याकडे पाठवू नयेत, थेट स्टुडिओत पाठवाव्यात. क्रमांक साध्या कागदावर, साध्या पाकिटात, बाईंच्या नावाने. पहिली पानं फाडून नवीन लिहिणार होतो, पण फाडायला दोन हात लागतात. तेव्हा ती वाचू नयेत. आणि जमल्यास उलट टपालाने आमच्या मोठ्या पेटीचा क्रमांक कळवावा.

ता. क. मामा, हे मी लिहिते आहे, सूनबाई. विज्ञानाचं पुस्तक आज दुपारीच सुरू केलं. एरवी हे दर दहा मिनिटांनी कपाटाचं दार उघडून, किती झालं, असं विचारतात. आज बसून आहेत. पहिला धडा एका दमात झाला. पत्र मी सकाळी टाकीन.

ता. क. मंगळवार, सकाळ. आता टाकायला निघते. त्याआधी दुसरा धडा केला.