आधी रिकामं खापर

माय, उद्या आखाजी आहे आणि आज तुझ्या माघारी तुझ्या चुलीवर नवं मातीचं खापर चढलंय. मांडे करायच्या आदल्या दिवशी तू ते रिकामंच उपडं घालायचीस, सणाला लागेल त्याहून मोठा जाळ करायचीस आणि आम्हाला लांब बसवायचीस. एका वर्षी ते तडकलं. आधी वाकणं नाही, कुरकुरणं नाही, एकदम दोन तुकडे. मी रडायला लागले, तर तू हसतेस. "फुटनार शे ते आज फुटी जाऊ दे, आखाजीले नको," म्हणतेस आणि कोपऱ्यातलं दुसरं खापर काढतेस.

मी आता जळगावला कॉलेजात खुब्यात बसवायचे सिरॅमिकचे गोळे कम्प्युटरवर फोडत असते. पडद्यावर गोळ्यावर माणसाचा भार टाकायचा, त्याला चालवायचं, जिन्यावर अडखळू द्यायचं आणि ताण कुठे साठतो ते बघायचं. सुरुवातीला माझा गोळा काही केल्या फुटेना. मी खूश, सर वैतागलेले. इतका निर्दोष गोळा जगात नसतोच म्हणाले. मग मी त्यात डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रं घातली, तेव्हा कुठे तो खऱ्यासारखा फुटायला लागला, दर वेळी निराळ्या जागी. म्हणून माझं उत्तर कधीच "नाही फुटणार" असं नसतं, "क्वचित" असं असतं.

गेल्या वर्षी नरडाण्याच्या आक्काचा, तुझ्या धाकट्या बहिणीचा, खुबा गेला. डॉक्टरांनी असाच गोळा सुचवला, तर ती अडून बसली. भिंत धरून चालेन, पण ऑपरेशन नको. मला फोन केला, "तू कम्प्युटरमा गोया फोडस ना? मंग सांग, मनावाला फुटी का?" क्वचित, म्हटलं. त्यावर तिचं समाधान होईना. मग तुझं खापर आठवलं. सांगितलं, की कारखान्यातून निघण्याआधी प्रत्येक गोळ्यावर चालताना पडतो त्याहून कितीतरी जास्त भार टाकतात, कच्चा असेल तो तिथेच फुटतो. आक्का हसायलाच लागली. "मंग ती तं तुनी मायनी रीत शे!" आणि तयार झाली.

आज ती काठी टेकत आली आणि खुर्चीवर बसून मला जाळ वाढवायला लावला. खापर टिकलं. मला इतका आनंद झाला, काय सांगू. फक्त एक गोष्ट तिला बोलले नाहीये. ती अंगणातून चालत येत होती तेव्हा दर पावलाला मी कान देऊन ऐकत होते.