खिडकीतला ग्लास

आई, परवा लॅबमध्ये मी चहाचे ग्लास मुद्दाम फोडले आणि प्रत्येक वेळी तूच आठवलीस. माझं काम बघायला तू राहिलीच नाहीस. वाळूजला मोटारींच्या काचांचा कारखाना आहे. तिथं काच फुटते कशी, हे बघायला मला पगार मिळतो म्हटलं असतं तर तू पदर तोंडाला लावून हसली असतीस. आमचा कॅमेरा एका सेकंदाची हजारो चित्रं घेतो. पापणी लवायच्या आत झालेली गोष्ट मग आम्ही पडद्यावर सावकाश बघत बसतो. काच एकदम फुटत नाही गं. एका ठिकाणाहून तडा निघतो, त्याला फाटे फुटतात, आणि तरीही सगळे तुकडे क्षणभर जागच्या जागी उभे असतात.

तेव्हा चिकलठाण्यात नव्या कंपन्या उभ्या राहत होत्या. त्यातल्याच एकीच्या कॅन्टीनमध्ये तू झाडलोट आणि भांडी करायचीस. दिवसभर सगळ्यांचे ग्लास तूच विसळायचीस आणि तुझा तेवढा वेगळा, खिडकीत पालथा घातलेला. त्यात चहा वरून ओतायचे. दिवस नामांतराचे. विद्यापीठाचं नाव बदलावं म्हणून वस्तीतल्या बाया मोर्चाला निघाल्या, तेव्हा तू "माझी डुटी हाय" म्हणत डबा उचलून कामावर गेलीस. मला तुझा इतका राग आला होता! कॉलेजात जाणारी मी, घोषणा देऊन घसा बसलेला, आणि माझी आई त्या खिडकीतल्या ग्लासात चहा प्यायला निघालेली.

त्याच दिवसांत एकदा मी घराची किल्ली द्यायला तिथं येते. तू खिडकीपाशी उभी आहेस, ग्लास तुझ्या हातात. आणि तो सरळ खाली जातो. फरशीवर काचाच काचा. कॅन्टीनवाले शेठ कडाडतात, "परत? आता तुला लोखंडाचा घडवून आणू का? अशानं कामावरून काढून टाकीन बघ!" तू हात पुसत म्हणतेस, "लई गुळगुळीत हाय ओ शेठ. सुटला." मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. मी तुकडे वेचायला वाकते, तर तू माझ्यावरच खेकसतेस, "उठ! तू नाय वाकायचं."

आधीचेही असेच सुटले होते म्हणे. पुढचाही सुटला. शेवटी शेठ कंटाळले आणि ट्रेकडं हात करून म्हणाले, "घे बाई ह्यातलाच. खिडकीतला पुरवायचा तरी किती!" घरी मी तुला धांदरट म्हणून चिडवायचे, तूही हसायचीस. खरं तर आपल्या कंदिलाची काच तू रोज राखेनं घासायचीस, आणि माझ्या लग्नापर्यंत तीच काच टिकली. हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

परवा काम आटोपल्यावर कॅमेरा मोकळा होता, म्हणून चहाचे ग्लास हातातून पाडून बघितले. ओल्या हातातून सुटणारा ग्लास सरळ पडत नाही. एक बोट आधी घसरतं, ग्लास कलतो, गिरकी घेतो. मूठ उघडून सोडलेला मात्र उभाच्या उभा खाली येतो. तो पडद्यावर बघितला आणि मला ती फरशी दिसली. तुझा ग्लास उभा आला होता, आई. कामावरून काढायची धमकी ऐकूनही तू ते ग्लास एकामागून एक सोडत राहिलीस, आणि कुणाला, मलासुद्धा, पत्ता लागू दिला नाहीस. मी तिथंच खुर्चीत बसून रडले. फार अभिमान वाटला गं तुझा.

तुला वाचता यायचं नाही. मामाची पत्रं मीच वाचून दाखवायचे आणि तुझ्या मनाला लागेल अशी एखादी ओळ हळूच गाळायचे. तू असतीस तर हेही मलाच वाचावं लागलं असतं, आणि शेवटच्या ओळी मी नक्की गाळल्या असत्या. लॅबमध्ये सगळ्यांचा चहा एकाच ट्रेमधून येतो, मला कुणी कधी वेगळं काही दिलेलं नाही, तरी मी घरून माझा स्टीलचा पेला नेते. काचेचे कण उडतात म्हणून, असं सांगते. कुणी विचारलेलं नसतं.